एमएमए: विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून वारंवार येणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी संध्याकाळचा सराव आटोपला की पोट्टे, कधी त्यांचे वडील, कधी मोटरसायकलवर चार गावं ओलांडून आलेला एखादा पहेलवान, सगळे साधारण तेच तेच विचारतात. म्हणून एमएमएबद्दलची, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स या अनेक लढाऊ खेळ एकत्र केलेल्या खेळाबद्दलची, उत्तरं एकदाची लिहून काढली. प्रश्न ज्यांनी जसे विचारले तसेच ठेवलेत.

एमएमए म्हणजे मोकाट मारामारीच ना?

सुरुवातीला बरीचशी तशीच होती. १२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसीची, म्हणजे एमएमएच्या लढती भरवणाऱ्या मोठ्या संस्थेची, पहिली स्पर्धा झाली तेव्हा वजनगट नव्हते आणि नियम नावापुरते होते. अंगाने सडपातळ असलेल्या रॉयस ग्रेसीने ज्युजित्सूच्या, म्हणजे जमिनीवरच्या पकडींच्या विद्येच्या, जोरावर ती जिंकली. आडदांड माणसालाच यश मिळतं ही समजूत तिथेच पडली.

आताचा खेळ वेगळा आहे. पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, किताबाची लढत असेल तर पाच, मध्ये एक मिनिट विश्रांती. डोळ्यात बोट घालणं, डोक्याने ढुशी देणं, जांघेत मारणं, डोक्याच्या मागच्या भागावर ठोसा हाणणं, खाली पडलेल्याच्या डोक्यावर लाथ किंवा गुडघा घालणं, हे सगळं बाद. ठोसा, लाथ, पकड, पाडणं आणि जमिनीवरची झुंज एवढं सगळं एकाच लढतीत असतं. अवघडपणा तिथेच आहे.

आमचा पोट्टा दंगलीत भल्याभल्यांना पाडते. थो एमएमएत चालन का?

चालेल, पण कुस्ती जशी आहे तशी घेऊन गेला तर नाही.

आधी चांगली बाजू. ज्याला पाडता येतं तो लढत कुठे होणार हे ठरवतो. उभ्याने चाललंय, मार बसतोय, तर खाली न्यायचं. खाली धोका दिसतोय, तर उठून उभं राहायचं. हा अधिकार कुस्तीवाल्याकडे असतो, म्हणूनच यूएफसीच्या विजेत्यांत कुस्तीतून आलेले इतके दिसतात. रशियातल्या दागेस्तानच्या डोंगरी भागातला खबीब नुरमागोमेदोव्ह वडिलांच्या हाताखाली लहानपणापासून कुस्ती, ज्युदो आणि साम्बो ही रशियन कुस्ती शिकला आणि २९ लढतींत एकही न हरता २०२० मध्ये निवृत्त झाला.

आता अडचणीची बाजू. मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास. त्यामुळे आपला गडी खाली पडला की आधी पोटावर वळतो, छाती जमिनीला चिकटवतो, मान आखडून घेतो. आखाड्यात हे अगदी बरोबर. एमएमएत नेमकी हीच चूक ठरते, कारण पोटावर वळला म्हणजे पाठ दिली. समोरचा पाठीवर स्वार होतो, दोन्ही पाय मांड्यांत अडकवतो, एक हात हनुवटीखालून सरकवतो आणि मागून गळा आवळतो. रक्ताचा पुरवठा तुटला की पाच-दहा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. उलट पाठीवर पडणं इथे हार नाही. पाठीवर पडून दोन पायांच्या मध्ये समोरच्याला धरून ठेवता येतं, तिथूनच हात किंवा गळा पकडता येतो.

दुसरी सवय पटाची, म्हणजे पाय धरून पाडायच्या डावाची. दुहेरी पट काढताना आपली पोरं मान खाली घालून घुसतात. आखाड्यात मान काखेत घ्यायला कुणी टपून बसलेलं नसतं. इथे असतं. २०१७ मध्ये शांघायला भरत कंदारे यूएफसीत उतरणारा पहिला भारतीय ठरला, आणि चीनच्या सोंग यादोंगने त्याला पहिल्याच फेरीत गिलोटिनमध्ये, म्हणजे मान काखेत धरून गळा आवळून, हरवलं. म्हणून आम्ही पट शिकवतो तो असा: नजर वर, डोकं समोरच्याच्या छातीला किंवा बरगडीला घट्ट चिकटलेलं, पाठ सरळ, आणि मांडी हातात आली की थांबायचं नाही, तसंच रेटत पुढे जायचं. मान अडकलीच तर ओढून काढू नये. ज्या काखेत मान आहे त्याच्या उलट्या बाजूला अंग न्यायचं आणि गळ्यावरच्या मनगटाला दोन्ही हातांनी धरून ठेवायचं. हे हजार वेळा करून घेतल्याशिवाय आम्ही कुणालाही स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, सोडत नाही.

तिसरी गोष्ट ठोशांची. हेन्री सेहुदो २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमधला फ्रीस्टाईल कुस्तीचा सुवर्णपदक विजेता. २०१६ मध्ये तेव्हाचा यूएफसी विजेता डिमिट्रियस जॉन्सन याने त्याला पहिल्या फेरीतच गुडघ्यांच्या माराने संपवलं. सेहुदोने उभ्याने लढण्याची ढब बदलली, अंतर राखायला शिकला, आणि २०१८ मध्ये त्याच जॉन्सनकडून किताब घेतला. ऑलिम्पिक सुवर्णवाल्याला जर नव्याने शिकावं लागलं, तर जत्रेतल्या दंगलीत गदा जिंकलेल्याला नाही लागणार असं कसं होईल?

सगळ्यात महत्त्वाचं काय? एकच सांगा.

सरावाचे जोडीदार. लोकांना हे उत्तर आवडत नाही. त्यांना ताकद, जिद्द, खुराक असं काही तरी ऐकायचं असतं.

जिद्द आपल्याकडे कमी नाही. पण गावात सगळे एकाच वळणाचे कुस्तीगीर असतील तर तुम्ही फक्त त्या एका वळणाशी लढायला शिकता. डावखुरा ठोसा पहिल्यांदा स्पर्धेतच दिसला तर काय करणार? एमएमएत डावखुरे थोडे असतात, आणि त्यांची अडचण आपल्याला होते ती यामुळेच. तुम्हाला एक असा जोडीदार लागतो जो तुमच्यापेक्षा उंच आहे, एक जो तुमच्यापेक्षा चांगला बॉक्सर आहे, एक जो जमिनीवर तुम्हाला त्रास देतो, आणि दोघं-तिघं तुमच्यापेक्षा नवे, ज्यांच्यावर नवा डाव बिनधास्त करून बघता येतो. खबीबलाही शेवटी कॅलिफोर्नियातल्या अमेरिकन किकबॉक्सिंग अकॅडमीत जावंच लागलं. तिथे डॅनियल कॉर्मिए, केन वेलास्केझ यांच्यासारखे भारी वजनाचे कुस्तीगीर रोज त्याच्या अंगावर येत.

खेड्यात हे कसं जमवायचं? चार-पाच गावांनी मिळून आठवड्यातला एक दिवस ठरवावा. कुस्तीवाले, कबड्डीवाले, वुशू (चिनी युद्धकला) किंवा बॉक्सिंग करणारे, तायक्वांदोची पोरं, सगळी एका जागी यावीत. महिन्यातून एकदा नागपूर किंवा अमरावतीला जाऊन अनोळखी माणसांबरोबर सराव करावा. एसटीचं भाडं हा खर्च नाही, हाच खुराक समजा. आणि जोडीदार जपा. रोज जोर लावून कुणाला जायबंदी करणाऱ्या पोट्ट्यासोबत सहा महिन्यांनी कुणी उभं राहत नाही, मग तो कितीही दमदार असो.

कबड्डी खेळणाऱ्याला फायदा होतो का?

बराच. चढाई करणाऱ्याच्या पायात बाजूला सरकण्याची सवय असते, झटक्यात खाली बसून उठता येतं, आणि घोटा किंवा मांडी पकडण्याचा वेग असतो. पकड करणारा कोपरारक्षक तर पाय धरण्यात पटाईत असतो. पण चढाई ३० सेकंदांत संपते आणि समोरचा मारत नाही. चेहरा पुढे करून खाली वाकण्याची सवय मोडावी लागते, कारण तिथे गुडघा येतो.

एक अवांतर. आपल्या भागाला या खेळांची जुनी परंपरा आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या चमूने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. शारीरिक शिक्षणाचं रीतसर ज्ञान घ्यायचं असेल तर आजही तिथलं महाविद्यालय आहे. आमच्याकडे येणाऱ्या पोरांना हे सांगितलं की ते जरा सरळ बसतात.

मी भरतीची तयारी करून राहिलो. रोज पहाटे पळतो. दम पुरेल ना?

पळण्याचा दम आहे, लढण्याचा अजून नाही. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, ते एका लयीत होतं. लढतीत लय कुणी राहू देत नाही. दहा सेकंद सगळा जोर, मग वीस सेकंद नुसतं धरून ठेवणं, मग पुन्हा जोर. लढत जाळीच्या पिंजऱ्यात होते, तिथे समोरच्याला जाळीला दाबून धरताना खांदे आणि दंड जळायला लागतात, त्यासाठी पळून उपयोग होत नाही. त्यात पहिल्या लढतीच्या घाबरगुंडीने श्वास आपोआप वरवर होतो आणि दुसऱ्याच मिनिटाला हात जड पडतात.

पहाटेचं पळणं सोडू नका, पण आठवड्यातून दोन दिवस ते कमी करून हे घ्या: पाच मिनिटं घड्याळ लावून न थांबता जोडीदाराशी पकडीचं काम, एक मिनिट विश्रांती, असं तीन वेळा. जोडीदार दर मिनिटाला बदलला तर आणखी चांगलं, कारण तो ताजा असतो आणि तुम्ही नसता. नाकाने श्वास घेत राहण्याची सवय इथेच लागते.

माझी उंची कमी आहे. हात आखूड आहेत. सोडून देऊ का?

नका सोडू. लांब हाताचा फायदा खराच आहे, यूएफसी गाजवलेल्या जॉन जोन्सच्या हातांचा पल्ला ८४.५ इंच आहे आणि त्याने तो पुरेपूर वापरला. पण ऑस्ट्रेलियाचा अलेक्झांडर वोल्कानोव्स्की जेमतेम साडेपाच फुटांचा. आधी तो रग्बी खेळायचा, तेव्हा वजन ९७ किलो. वजन उतरवून ६५.८ किलोच्या गटात आला आणि २०१९ च्या डिसेंबरात त्याच्यापेक्षा चांगल्याच उंच मॅक्स हॉलोवेकडून किताब घेतला. पिंडऱ्यांवर लाथा मारून समोरच्याचे पाय अडवायचे, खोटी चाहूल द्यायची, आत शिरायचं आणि लगेच बाहेर पडायचं, ही त्याची रीत. बुटक्या माणसाने मधल्या अंतरावर रेंगाळू नये, एवढं त्याच्याकडून घ्या. एक तर पूर्ण बाहेर, नाही तर पूर्ण आत.

कोणत्या वजनगटात खेळावं? वजन उतरवावं का?

गट असे: ५२.२, ५६.७, ६१.२, ६५.८, ७०.३, ७७.१, ८३.९, ९३ आणि १२०.२ किलोपर्यंत. आपल्याकडची बहुतेक पोरं ५६.७ ते ७०.३ च्या मध्ये बसतात.

नवख्याने वजन उतरवू नये, रोज जे वजन असतं त्यातच खेळावं. मोठ्या स्पर्धांतले लोक पाणी तोडून पाच-सहा किलो घटवतात आणि वजनकाट्यावरून उतरल्यावर दीड दिवसात परत भरतात. त्यांच्यामागे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ असतात. डिसेंबर २०१५ मध्ये वन चॅम्पियनशिप या आशियातल्या एमएमए संस्थेचा चिनी खेळाडू यांग जियान बिंग लढतीच्या आधी वजन उतरवतानाच गेला. त्यानंतर त्या संस्थेने पाणी तोडून वजन घटवण्यावर बंदी घातली आणि खेळाडूच्या अंगात पुरेसं पाणी आहे की नाही याची तपासणी सुरू केली. अंगावर प्लास्टिक गुंडाळून उन्हात पळणारे पोट्टे दिसले तर त्यांना घरी पाठवा. पूर्व विदर्भात तर याला आणखी एक कारण आहे, ते पुढच्या उत्तरात.

सिकलसेलची तपासणी काहून करायला सांगता?

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक बरेच आहेत, आणि वाहक असलेल्या धट्ट्याकट्ट्या पोराला ते माहीतही नसतं. रोजच्या आयुष्यात त्याला काही होत नाही. पण कडक ऊन, अंगात पाणी कमी आणि जीव तोडून केलेला व्यायाम, हे तिन्ही एकत्र आलं तर वाहकाच्याही रक्तपेशींचा आकार बदलू शकतो, स्नायू निकामी होतात, किडनीवर आणि हृदयावर ताण येतो. जगभर लष्करी प्रशिक्षणात आणि खेळाच्या मैदानावर यातून मृत्यू झालेले आहेत.

प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातल्या रक्ताची साधी सोल्युबिलिटी चाचणी होते, संशय आला तर पुढची पक्की चाचणी करतात. आमच्याकडे नाव नोंदवायला आलेल्याला पहिल्याच दिवशी आम्ही हेच सांगतो.

वाहक निघालात तर खेळ सोडायचा नाही, रीत बदलायची. जोर हळूहळू वाढवायचा, सरावात मध्ये मध्ये थांबायचं, पाणी तहान लागण्याआधी प्यायचं, ताप किंवा हगवण असताना सराव नाही, आणि वजन उतरवण्याचं नावही काढायचं नाही. सराव चालू असताना पाय एकदम लुळे वाटले, गोळा न येता दुखायला लागलं, तर "दम कमी पडला" असं म्हणून कुणी ओरडू नये. तिथेच थांबवून सावलीत झोपवा आणि दवाखान्यात न्या. ज्याला प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे, नुसता वाहक नाही, त्याने हा खेळ करू नये.

बदाम-दूध परवडत नाही. खुराकाचं काय?

बदामावर काही अडत नाही. साठ किलोच्या लढवय्याला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम प्रथिनं पुरतात. सोयाबीन आपल्या शेतात पिकतं. बाजारातल्या सोया वडीत १०० ग्रॅममागे ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. शेंगदाण्यात २५ च्या आसपास, तुरीच्या डाळीत २२, एका अंड्यात ६. मूठभर वडी, दोन वाट्या घट्ट वरण, चार अंडी, दाणे, ताक आणि भाकरी एवढ्यात काम भागतं. जवसाची चटणी आहेच. भाकरी-भात कमी करून नुसतं प्रथिनांच्या मागे लागू नका, पाच मिनिटांच्या फेरीला ताकद पिठातून आणि तांदळातूनच मिळते.

जिममधल्या डब्यांच्या आणि इंजेक्शनच्या भानगडीत पडू नये. त्यात काय मिसळलंय ते डब्यावर लिहिलेलं नसतं, आणि नाडाच्या, म्हणजे देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या, चाचणीत सापडलात तर "मला माहीत नव्हतं" हे ऐकून घेतलं जात नाही.

खर्रा सोडायलाच पाहिजे का? थोडासा तर खातो.

सोडायलाच पाहिजे. तंबाखूने नाडीचा वेग वाढतो हे एक. पण सुपारीचं नुकसान त्याहून वेगळं आहे. रोज खर्रा तोंडात धरून गालाच्या आतलं कातडं ताठ होतं आणि तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. ज्याला तीन बोटं उभी तोंडात घालता येत नाहीत त्याला दातांचं गार्ड नीट बसत नाही, आणि गार्डशिवाय रिंगणात कुणी उतरू देत नाही. ही कर्करोगाआधीची अवस्था आहे, ती एकदा आली की पूर्ण परत जात नाही. आरशासमोर उभं राहून आत्ताच तीन बोटं घालून बघा.

उन्हाळ्यात आणि शेतीच्या हंगामात सराव कसा करायचा?

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो. त्या दिवसांत सकाळी सातच्या आत सगळं उरकायचं, संध्याकाळी टिनाच्या छपराखाली सराव ठेवू नये. टिन रात्री आठपर्यंत तापलेलं असतं. ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, आंबील, जे घरात असेल ते.

शेतीचं काम हाही सराव धरा. दिवसभर डवरणी केली, पोती वाहिली, आणि संध्याकाळी पुन्हा पूर्ण ताकदीने स्पॅरिंग केलं तर अंग भरत नाही, मोडतं. पेरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत सराव निम्मा करून फक्त डाव घासून घ्या. आणि फवारणीच्या दिवशी सराव अजिबात नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. औषध कातडीतून आणि श्वासातून जातं, स्नायू ढिले पडतात. त्या दिवशी साबणाने आंघोळ, कपडे वेगळे, आणि झोप.

डोक्याला मार लागला तर?

त्या दिवशी सराव बंद, मग तो कितीही "मी ठीक आहे" म्हणो. उलटी, गुंगी, तेच तेच पुन्हा विचारणं, दोन डोळ्यांच्या बाहुल्या कमी-जास्त दिसणं, यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन करून जिथे सिटी स्कॅन आहे तिथे न्या, आणि सोबत घडलं ते बघणारा माणूस पाठवा. रात्री झोपवून सकाळी बघू असं करू नये. बेशुद्ध पडण्याएवढा मार बसला असेल तर डोक्यावर ठोसे झेलायचा सराव किमान महिनाभर नाही, त्यानंतरही डॉक्टरांना विचारून.

लोकांना वाटतं की मार खाऊन खाऊन डोकं पक्कं होतं. होत नाही, उलट कच्चं होत जातं. गालफड पोलादी असलेले खेळाडू तिशीनंतर एका हलक्या ठोशात पडताना दिसतात, ते या साठलेल्या माराने. म्हणून जोरदार स्पॅरिंग आठवड्यातून एकदाच, आणि बाकीचे दिवस हलक्या हाताने. यश म्हणजे दहा वर्षं टिकणं असेल तर सरावात कमी मार खाणारा पुढे जातो.

पंच गुण कसे देतात? आमचा पोट्टा तीनदा पाडूनही हरला.

प्रत्येक फेरीला जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, फारच एकतर्फी झाली तर ८. आधी बघतात ते कुणाच्या माराने किंवा पकडीने जास्त परिणाम झाला. ते सारखं वाटलं तरच कोण पुढे येऊन लढत होतं, आणि त्यानंतर पिंजऱ्याचा ताबा. पाडलं आणि नुसतं धरून ठेवलं, तर त्यातून फार मिळत नाही. पाडल्यावर वरून ठोसे बसले पाहिजेत, गळ्याचा किंवा हाताचा धोका निर्माण झाला पाहिजे. दंगलीत पाडलं की ढोल वाजतो, इथे तिथून काम सुरू होतं.

मुलीने हा खेळ करावा का? गावात लोक बोलतात.

लोक कबड्डीलाही बोलायचे. ८ जून २०२४ ला उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्याची पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली.  ती वुशूतून आली. कुस्तीतून आलेली रितू फोगाट २०२१ मध्ये वन चॅम्पियनशिपच्या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम लढतीपर्यंत गेली आणि तिथे थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सने तिचा हात पकडीत घेऊन तिला हरवलं. पुन्हा तेच, कुस्ती पुरली, जमिनीवरचं राहिलं.

आईबाबांना आमचं सांगणं एवढंच, की मुलीला सोडायला-आणायला पहिले काही महिने कुणी तरी यावं आणि सराव बसून बघावा. बघितल्यावर बहुतेकांचा विरोध मावळतो. जिथे पालकांना बसू देत नाहीत तिथे मुलीला पाठवू नका, मुलालाही.

कोणत्या वयात सुरू करावं? मी पंचविशीचा झालो.

लहान मुलांना कुस्ती, ज्युदो, उड्या, कोलांट्या. डोक्यावर ठोसे नकोत, वयात येईपर्यंत तर नकोतच. पंचविशीत नव्याने सुरू करणाऱ्याचा मागे कुठला तरी खेळ असेल तर वेळ गेलेली नाही. कॉर्मिए २००४ चं ऑलिम्पिक कुस्तीत खेळून तिशीत एमएमएत आला. मागे काहीच नसेल तर शिका, मजा घ्या, पण घर यावर चालवण्याचा विचार करू नका.

यातून पोट भरतं का? नोकरी लागते का?

सुरुवातीची वर्षं नाही. देशातल्या छोट्या लढतींत मिळतं त्यापेक्षा तयारीला जास्त लागतं. डिमिट्रियस जॉन्सन २०११ मध्ये किताबाची लढत लढला तेव्हा तो गोदामात पूर्णवेळ कामाला होता. शेती, दुकान, नोकरी, जे आहे ते चालू ठेवा.

खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाच्या आशेने येत असाल तर आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन तुमच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं का ते लेखी विचारा. २०२६ च्या आइची-नागोया आशियाई स्पर्धेत एमएमएला जागा मिळाली, ऑलिम्पिकमध्ये अजून नाही. आमचा सल्ला असा, की एमएमए शिकताना मान्यताप्राप्त संघटनेकडून कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदो किंवा वुशूच्या स्पर्धाही खेळत राहा. प्रमाणपत्र मिळतं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अनोळखी माणसासमोर उभं राहण्याची सवय होते.

सामान नाही, मॅट नाही. सुरू कसं करू?

आखाड्याच्या मातीत पकडीचं सगळं होतं. दातांचं गार्ड, जांघेचं गार्ड, नडगीचे पॅड आणि स्पॅरिंगला १६ औंसचे जाड ग्लोव्हज, एवढं विकत घ्या, त्यात काटकसर नको. बॅग घरी बनते: बारदान्याच्या दोन पोत्यांची दुहेरी पिशवी, आत जुन्या कपड्यांच्या चिंध्या दाबून भरायच्या. वाळू घालू नये. वाळू खाली बसून दगड होते आणि मनगट जातं. नखं कापलेली, अंग धुतलेलं, नायटा असेल तर बरा होईपर्यंत बाहेर. एकाचा नायटा पंधरा दिवसांत सगळ्यांना होतो.

पहिली लढत कधी घ्यावी?

तीन गोष्टी जमल्या की. पाठीवर पडल्यावर घाबरून पोटावर न वळता उठता येतं. तोंडावर ठोसा बसल्यावर डोळे मिटत नाहीत. आणि तुमच्यापेक्षा चांगल्या माणसासोबत तीन फेऱ्या पूर्ण होतात. आधी हौशी गटात खेळा, जिथे नडगीचे पॅड असतात आणि नियम सौम्य असतात.

आयोजकाकडून लेखी घ्या: वजनगट, समोरचा किती लढती खेळलाय, रिंगणाजवळ डॉक्टर आणि रुग्णवाहिका आहे का, दुखापतीचा खर्च कोण देणार. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या रक्तचाचण्या दोघांच्याही झाल्या पाहिजेत. जिथे त्या मागत नाहीत तिथे खेळू नका. आयत्या वेळी समोरचा बदलला आणि नवा माणूस पाच किलो जड निघाला तर नाही म्हणायचं, गावाहून दोन गाड्या भरून माणसं आली असली तरी. आणि करारावर सही करण्याआधी तो मराठीत समजावून देणारा एखादा वकील गाठा, विशेषतः "इतकी वर्षं दुसरीकडे खेळणार नाही" असं कलम असेल तर.